रिकाम्या घरातला खोकला

बागवेळ गावाला पळायचं असलं की सगळ्यात आधी कोंबड्या पकडाव्या लागतात. माणसं सांगितल्यावर ऐकतात, गुरं दाव्याने येतात, कुत्री आपणहून मागे लागतात; कोंबडीला मात्र देवाचा कौल कळत नाही. म्हणून त्या सकाळी वाडीभर नुसता धुडगूस चालला होता. बायका टोपल्या घेऊन माडांच्या बुंध्यांशी धावत होत्या, पोरं त्यांच्या मागे आणि कोंबड्या सगळ्यांच्या पुढे. एवढ्या गलबल्यात सहदेव खवणेकर आपल्या पडवीत स्वस्थ बसून जाळं विणत होता, जसं काही पळणारं गाव दुसऱ्याच कुणाचं आहे.

या पळण्याला इकडे गावपळण म्हणतात. दर काही वर्षांनी ग्रामदैवत रवळनाथाला कौल लावतात, आणि देवाने होकार दिला की सगळं गाव चुली विझवून, दारं ओढून घेऊन शिवेबाहेर जातं. भांडीकुंडी, अंथरुणं, गुरं, शेरडं, म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं, सगळी माळावरच्या झोपड्यांत. तीन दिवस गावात दिवा लागत नाही की धूर निघत नाही. मग पुन्हा कौल लावायचा, देव या म्हणाला तर यायचं. ते दिवस गाव कुणाचं असतं याबद्दल दोन मतं आहेत. देवाचं, असं म्हणणारे मोठ्याने बोलतात. गेलेल्या माणसांचं, असं म्हणणारे आवाज खाली आणतात. सहदेव दुसऱ्या मताचा होता, आणि म्हणूनच तो या खेपेस जाणार नव्हता.

त्याला त्याच्या बायकोची गाठ घ्यायची होती. काशीबाई मागच्या पळणीच्या सुमारास वारली. त्याला तिला एकच गोष्ट विचारायची होती: तू माझ्यामुळे गेलीस काय? जित्या माणसांत याचं उत्तर देणारं कुणी नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं. गाव रिकामं झालं, गेलेली माणसं आपापल्या घरी आली, की तीही येणार. येऊन मागच्या पडवीत कोंबड्यांना हाका मारणार. तेव्हा विचारू. मग जाताना ती त्यालाही बरोबर घेऊन गेली असती तरी त्याची हरकत नव्हती. ही शेवटची गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती, पण ती खरी होती.

तसा सहदेव भुताखेतांत रमणारा माणूस नव्हे. उमेदीच्या काळात किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढलं, मग दुसऱ्यांच्या होडीवर गेला, गुडघे बोलायला लागल्यावर जाळी विणायला बसला. मशीनच्या जाळ्यांच्या या दिवसांत हाताचं काम कोण घेतं असं विचाराल, तर फाटलेलं जाळं मशीन सांधून देत नाही, एवढंच त्याचं उत्तर आहे. खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारे अजून त्याच्याकडून पाग विणून घेत. हात असा की जाळ्याच्या विणीतला एक डोळा लहानमोठा झाला तर मागचं सगळं उसवून पुन्हा बसायचा. गिऱ्हाईक दारात उभं राहून कंटाळून जाई. सहदेव मान वर न करता म्हणे, "एकवेळ मासो सोडीन, पण मी चूक सोडूचंय नाय."

काशीबाई तोंडाने फटकळ आणि हाताने मोकळी. लग्न झाल्यापासून दोघांचं एकाही गोष्टीत जमलं नाही, आणि एकमेकांवाचून एक दिवस भागलं नाही. तिला कोंबड्यांचा नाद. त्याची जाळी पडवीत पसरलेली आणि तिच्या कोंबड्या त्याच पडवीत मोकाट. कोंबडी जाळ्यात अडकली की तो कोंबडीला शिव्या देई आणि ती जाळ्याला.

मागच्या पळणीच्या ऐन वेळी तिची एक कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. खुडूक कोंबडी हलवली तर अंडी वाया जातात. पळणीत गावात कोंबडीचं पिल्लूसुद्धा मागे ठेवायचं नाही, ही शिस्त; पण काशीबाईचं देवाशी आपलं वेगळं बोलणं असे. "देवाकय आयशीचा काळीज कळता," असं म्हणून तिने ती कोंबडी मागच्या पडवीत टोपलीखाली तशीच ठेवली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. माळावर गेल्यावर मात्र तिला अन्न गोड लागेना. पाणी सांडलं असेल. मुंगूस आलं असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची ही भुणभुण ऐकून सहदेवचे कान किटले. सरपण आणतो असं सांगून तो उठला आणि आडवाटेने गावात शिरला.

रिकामं गाव त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. लख्ख ऊन होतं, पण कुठे पाटावरवंटा नाही, पोर नाही, कोंबडा नाही. आपल्याच चपलांचा आवाज त्याला इतका मोठा वाटला की त्या त्याने काढून हातात घेतल्या. घराच्या मागे गेला तर कोंबडी टोपलीखाली मजेत बसलेली, उलट याच्यावरच डोळे वटारून. त्याने वाटीत पाणी ओतलं, दाणे टाकले, वाकलेली पाठ सरळ केली, आणि तेवढ्यात घरात कुणीतरी खोकलं.

दार ओढलेलं होतं. आत माणूस नव्हतं, भांडं नव्हतं, चटईसुद्धा नव्हती. आणि खोकला अगदी माजघरातून आला, कोरडा, खालून ओढून आणल्यासारखा. सहदेव जो पळाला तो चपला तिथेच टाकून.

माळावर येऊन त्याने कोंबडी खुशाल आहे एवढंच बायकोच्या कानात सांगितलं. चपला काट्यात तुटल्या म्हणाला. दुसऱ्या दिवशी काशीबाई खोकायला लागली, आणि सहदेवच्या अंगावर काटा उभा राहिला. हा खोकला त्याने ऐकलेला होता.

गाव परतलं तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. मालवणच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि तिथूनच ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जा म्हणून सांगितलं. तिथे तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. नाकातला नमुना घेतला, पुढे श्वासाची नळी घातल्यावर छातीतलाही घेतला, आणि दोन्ही पुण्याला पाठवले. स्वाइन फ्लू निघाला. नळी घालण्याआधी सहदेवने तिला काचेतून पाहिलं, ते शेवटचं. ती त्याच्याकडे बघून हाताने काहीतरी सांगत होती. कोंबड्यांना दाणे घाल, असं असेल. किंवा तू इथून जा, असंही असेल. त्याला ते कळलं नाही, आणि त्या हाताचा अर्थ लावायचं त्याने अजून सोडलं नव्हतं.

दिवस-कार्य झाल्यावर तो पहिल्यांदा मागच्या पडवीत गेला. टोपलीखालची अंडी सगळी फुटली होती, पिल्लं हिंडत होती. त्याच्या चपला तिथे होत्या, जोडीने, दाराकडे तोंड करून. आपण त्या टाकल्या की ठेवल्या, हे त्याला काही केल्या आठवेना.

तेव्हापासून त्याच्या मनाने एकच गोष्ट धरली. देवाने बंद केलेल्या गावात मी शिरलो. तिथे जे काय होतं ते माझ्या पाठीवर बसून माळावर आलं, आणि मला सोडून तिला धरलं. मुलगा गुरुदास मुंबईला असतो, त्याने किती वेळा बोलावलं, पण सहदेव गेला नाही. जाणार कसा? घर खोकत होतं. कधी तो जेवायला बसला की, कधी सुईत दोरा भरताना, आतल्या खोलीतून एकदाच खोकला येई आणि मग सगळं शांत. सुरुवातीला तो उठून बघे. पुढे पुढे बसल्या जागेवरूनच "काय गो?" असं विचारू लागला. उत्तर कधी आलं नाही. पण ती आहे, आणि काहीतरी बोलायचं राहिलंय, याबद्दल त्याच्या मनात संशय उरला नव्हता.

तर अशा माणसाच्या अंगणात त्या सकाळी सावित्री येऊन उभी राहिली, बगलेत कोंबडा. सावित्री शेजारीण. काशीबाईची जन्माची मैत्रीण आणि तेवढीच जुनी भांडणातली जोडीदार.

"भावजीनू, उठतास काय? गाव चललो."

"माका जाळा पुरा करूचा आसा. तुमी जावा."

"जाळा काय पळान जाता? पळाचा आमका आसा!"

सहदेव हसला नाही. "मी येणंय नाय. हंयच रवतंय," म्हणाला.

सावित्रीच्या बगलेतला कोंबडासुद्धा गप्प झाला. पळणीत गावात राहतो म्हणणारा माणूस बागवेळीने आजवर पाहिला नव्हता. उद्या काही बरंवाईट झालं तर सगळं गाव याच्या नावाने खडे फोडणार, हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्याहून वाईट तिला त्याच्या तोंडावर दिसलं. तिने कोंबडा टोपलीखाली घातला आणि आत हाक मारली.

"वर्षाली! ये गो भायर. तुझो आजो बघ काय म्हणता ता."

वर्षाली गुरुदासची मुलगी. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत फ्लूच्या विषाणूवर काम करते. सावित्री गावात "ती रक्त तपासता" असं सांगते, आणि वर्षालीने ते दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलं आहे. आजी गेली तेव्हा ती कॉलेजात होती. पुढे ती याच विषयात का शिरली, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही. आजोबांना माळावर न्यायला म्हणून ती आदल्या दिवशी आली होती आणि सकाळपासून घरातलं सामान बांधून अंगणात आणून ठेवत होती. भांडी, गोधड्या, चटया, देवसुद्धा. आत आता नुसत्या भिंती राहिल्या होत्या.

ती येऊन आजोबांच्या समोर बसली आणि जाळ्याचं दुसरं टोक तिने मांडीवर घेतलं. लहानपणी ती अशीच बसायची.

"आजोबा, येवचा नाय म्हणतास ता कित्याक? खरा सांगा."

नातीशी खोटं बोलणं सहदेवला जमत नसे. आणि खरं म्हणजे इतकी वर्षं पोटात धरून तो दमला होता. त्याने सगळं सांगितलं. खुडूक कोंबडी, आडवाट, चपला, घरातला खोकला. सांगताना तो विणत होता, हात थांबला नाही.

"माझ्याच पाठसून ईला ता माळार," तो म्हणाला. "म्हणान तिकाच इचारूचा आसा. ती येतली आता. गाव गेलो की येतली."

वर्षालीच्या आधी सावित्री बोलली, जरा चमत्कारिक आवाजात.

"घरात खोकलो? भावजीनू, तेव्हा खोकत तुमीच होतास."

"मी?"

"तुमी नाय तर कोण! पळणीच्या आधी दोरो आणूक कणकवलीक गेल्लास, थंयसून नाक गळत ईलास. काशीबाय काढो करून देय होती तुमका. माळार तुमची ती ढास! माका डोळो लावूक दिल्यात नाय."

"ती सर्दी," सहदेव म्हणाला.

"सर्दीच ती. मी खंय दुसरा काय म्हणतंय?"

आता यात सहदेवने काही लपवलं होतं असं नव्हे. तो विसरला होता. इकडच्या पुरुषाला सर्दी हा आजारच वाटत नाही. दव लागलं, वारं लागलं, नाक शिंकरलं, विषय संपला. त्यातून बायको गेल्यावर त्याची नजर देवाच्या शिवेवर जी खिळली, ती स्वतःच्या नाकावर कधी आलीच नाही. तो आठवू लागला. कणकवलीचा बाजार, परतीच्या एसटीतली गर्दी, काढ्याचा कडू वास. काशीबाईचं बोलणं, "गिळा गपचूप, पोरासारखी नाटकां करू नकात." आठवता आठवता त्याला ढास लागली आणि तो खोकला.

आणि आतून, माजघरातून, तो खोकला परत आला.

तोच. कोरडा, खालून ओढून आणल्यासारखा. तिघांनीही ऐकला. सावित्रीने पदर तोंडावर धरला. वर्षाली उठली, माजघरात गेली, रिकाम्या खोलीच्या मध्यावर उभी राहिली आणि तिने नुसतं "आजोबा" म्हटलं, तर तिचाही शब्द भिंतींवरून फिरून पडवीत आला. घर सामानाने, जाळ्यांनी, गोधड्यांनी भरलेलं असतं तेव्हा ते आवाज गिळून टाकतं. पळणीशिवाय ते घर कधी रिकामं झालंच नव्हतं, मग त्या दुपारी आपलाच खोकला फिरून आला हे सहदेवला कसं कळावं? एरवीच्या दिवसांत, भरल्या घरात, त्याला जे ऐकू यायचं ते काय होतं, याचं उत्तर मात्र या भिंतींनी दिलं नाही, आणि त्या दिवशी कुणी विचारलंही नाही.

भूत गेलं म्हणून त्याला हलकं वाटलं असेल, असं कुणाला वाटेल. झालं उलटंच. इतके दिवस पाठीवर बसून आलेलं ते दुसरं काहीतरी होतं. आता तिथे कुणी नव्हतं, तोच होता. त्याचा हात पहिल्यांदा थांबला.

"म्हणजे मीच दिलंय," तो म्हणाला. "माझीच सर्दी ती."

नाही म्हणणं वर्षालीला सोपं होतं. सावित्री तर डोळ्यांनी खुणावत होती, नाय म्हण, नाय म्हण. पण म्हाताऱ्याने आयुष्यात एक चुकलेला डोळा कधी झाकून गिऱ्हाइकाला दिला नव्हता. त्याला खोटं देणं तिच्याने होईना.

"व्हय, आजोबा. भौतेक तुमचीच. पण पुरता ऐका. मी आजीचे नमुने बघलंय. सरांची परवानगी घेवन, मुद्दाम बघलंय."

सहदेवने मान वर केली.

"ह्यो विषाणू म्हणजे नुसती विणूची रीत. दुसरा कायएक नाय तेच्यात. तो माणसाच्या अंगात शिरता नि स्वतासारखीच जाळी विणून घेता. एकाची हजारो. पण तुमच्यासारखो मागे वळान कोण बघना नाय. डोळो चुकलो तर चुकलो, तसोच पुढे."

"मगे जाळा फुकट जायत," सहदेव म्हणाला. एवढ्या दुःखातसुद्धा त्याला ते खपलं नाही.

"जातत. चुकलेली बरीचशी फुकटच जातत. तो विषाणू वाढणाच नाय, थंयच मरता. पण कधीतरी एखादी चूक अशी पडता की वरच्या पाण्यात धरणारा जाळा खोल पाण्यात धरूक लागता."

हे सहदेवला सांगायला नको होतं. डोळा बदलला की मासा बदलतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. वर्षालीने मांडीवरच्या जाळ्यातला एक डोळा बोटात धरला.

"आजीच्या नाकातलो विषाणू साधो होतो. त्या वर्षी सगळ्यांका झालो, तुमका झालो, तसोच. छातीतल्यात मात्र एक डोळो बदललेलो. एकच. तेवढ्यान तो खाली फुप्फुसात चिकटाक लागलो, नि थंय वाढाक लागलो. वरच रवलो आसतो तर सर्दी झाली आसती नि गेली आसती."

बाहेर गावाची पहिली गुरं वाटेला लागली होती, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. सहदेवने विचारलं तेव्हा त्याचा आवाज इतका लहान होता की सावित्रीला पुढे वाकावं लागलं.

"तो डोळो खंय चुकलो? माझ्यात काय तिच्यात?"

इतक्या दिवसांचा त्याचा प्रश्न तो हाच. बायकोला विचारायचा म्हणून राखून ठेवलेला, फक्त शब्द वेगळे.

"तिच्यात," वर्षाली म्हणाली. "नाकात साधो नि छातीत बदललेलो, म्हणजे तिच्या अंगात बदललो. तुमी दिलास तो साधो होतो, आजोबा. तेनीच ती गेली असा मी छाती ठोकून सांगणंय नाय, तिचो दमो आधीचोच होतो. पण ज्यांच्या छातीत असलो गावता, तेंचा दुखणा जड जाता."

"कोणी केल्यान ती चूक?"

"कोणी नाय. होता तसा."

"कोणी नाय?"

"कोणीच नाय."

सहदेवला हे गिळवेना. चुकीला हात लागतो, कोपाला देव लागतो, एवढं त्याला माहीत होतं, आणि त्या माहितीवर त्याने स्वतःला इतकी वर्षं फटके मारून घेतले होते. "देवाक शिव्या घालूक येतत," तो म्हणाला, "माका घालूक येतत. ह्येच्यापायी मी कोणाक घालू?" वर्षालीने बोटातला डोळा सोडून दिला.

मग त्याने विचारलं, "तिच्याकडसून पुढे कोणाक गेलो?"

"कोणाक गेल्याचा दिसाक नाय. असलो नाकात फारसो वाढणा नाय, म्हणान भायर पडणा नाय. तिच्यातच झालो, तिच्यातच संपलो." मग ती अडखळली. इथवर खरं बोलल्यावर आता थांबता येईना. "अगदीच संपाक नाय. एक कुपी आसा. पुण्याक, बर्फात ठेवलेली."

"जितो?"

"झोपलेलो. उठवलो तर उठात."

"बरीच थंडी आसतली थंय."

"खूप. आपल्याकडे तसली नसताच."

"तिका थंडी सोसा नाय," सहदेव म्हणाला. "पौषात दोन गोधड्यो घेय."

वर्षालीने तोंड फिरवलं. ती कुपी तिने एकदा हातमोजा घालून हातात धरली होती. करंगळीएवढी, वर आकडे, नाव नाही. आपल्या आजीच्या अंगात जन्मलेलं या जगात जे शेवटचं उरलं आहे ते हे, आणि बहुधा यानेच तिला नेलं, हे कुणाला सांगायचं तिला धाडस झालं नव्हतं. आता आजोबांच्या तोंडून गोधडीचं नाव निघालं आणि तिला हुंदका फुटला. सावित्रीने उठून तिचं डोकं पोटाशी धरलं. सहदेव मात्र रडला नाही. तो मागच्या पडवीच्या दिशेने बघत होता.

"मगे हंय रवान ती भेटतली खंय?" तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला.

बाहेरून गावकराची, गावच्या मानकऱ्याची, हाक आली, ऊन चढतंय, निघा. सहदेवने दोऱ्याला गाठ मारली, जाळं गुंडाळलं, गुडघ्यांवर हात देऊन उठला आणि कोंबड्यांच्या मागे लागला. त्या खुडूक कोंबडीच्या अंड्यांतून आलेल्यांची ही पिल्लावळ, आजीसारखीच हट्टी. तिघांनी मिळून त्यांना धरेपर्यंत सावित्रीचा अंबाडा सुटला आणि सहदेवने पहिल्यासारख्या शिव्या दिल्या. त्या शिव्या ऐकून सावित्रीला बरं वाटलं.

"माझी झोपडी टोकाक घाला," तो टोपली बांधता बांधता म्हणाला. "वाऱ्याच्या खालच्या अंगाक. माका ढास आसा."

"इतक्या लांब एकटे? जेवणाचा काय?"

"पान ठेवन जा नि मागे सर. नि तुझा नातवंड आसा मा, तेका माझ्या जवळ आणू नको. सर्दी म्हणजे काय, असा म्हणू नको."

सावित्रीने टोपलीचं दुसरं टोक धरलं.

सामान गाडीवर चढलं. दोघी पुढे निघाल्या. सहदेव म्हणाला, मी दार ओढून येतो. वर्षाली वळणावर थांबली, पण मागे गेली नाही.

त्याने आत जाऊन पाहिलं. माजघर, मागची पडवी, उलटी ठेवलेली रिकामी टोपली. मग बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि कडी घालायच्या आधी फटीशी तोंड नेलं. इतके दिवस त्याने विचारायचं ठरवलं होतं. आता विचारण्यासारखं काही नव्हतं, सांगण्यासारखं होतं.

"काशी," तो म्हणाला, "मीच दिलंय गो तुका. पण माझ्यात आसताना तो तसो नव्हतो."

रिकाम्या घराने त्याचेच शब्द थोडे फिरवून त्याला परत दिले. दुसरं काही आलं नाही. तरी तो जरा थांबला. तेवढ्यात त्याच्या घशात ढास उठली. या दारात, या रिकाम्या भिंतींपुढे आता खोकायचं त्याच्या जिवावर आलं. एक खोकला मागे आत राहिला तर तो तीन दिवस तिथेच फिरत राहील, असं त्याला वाटलं. त्याने कडी घातली, पंचा तोंडावर घट्ट दाबला आणि चालू लागला. डोळे भरून आले, मान लाल झाली, पण माडांखालून, विझलेल्या चुलींच्या घरांवरून, विहिरीवरून तो तसाच खोकला धरून गेला. वर्षालीने हात पुढे केला, तिला त्याने लांबूनच चल म्हणून खुणावलं. शीव ओलांडल्यावर तो रस्त्याच्या कडेला, माणसांपासून दूर जाऊन उभा राहिला आणि मग खोकला. खोकता खोकता त्याला रडू कधी फुटलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.